समुपदेशकाच्या खोलीत नेमके काय घडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अलीकडे या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक बदल जाणवतो आहे. पूर्वी बहुतेक पत्रे ‘समुपदेशनाला जावे का?’ असे विचारत असत. आता पत्रलेखक जाऊन आलेले असतात, आणि तिथे जे घडले ते त्यांच्या कल्पनेशी जुळत नाही म्हणून ते बुचकळ्यात पडलेले असतात. कोणाला सल्ला हवा होता, तो मिळाला नाही. कोणाला मन मोकळे करायचे होते, तर हातात वही दिली गेली. अशी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रांचा मजकूर संक्षेपाने दिला असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वडील गेल्यापासून मला झोप लागत नाही, सतत काहीतरी वाईट घडेल असे वाटत राहते. माझ्या धाकट्या बहिणीलाही काळजीचा त्रास आहे. आम्ही दोघी वेगवेगळ्या समुपदेशकांकडे जातो. तिला दर आठवड्याला वहीत तक्ते भरायला सांगतात आणि पुढच्या वेळी ते तपासतात. माझ्या बाई मात्र नुसत्या ऐकतात. मी थांबले की त्याही थांबतात. सल्ला म्हणून एकही वाक्य त्यांनी अजून उच्चारलेले नाही. मी पैसे नेमके कशाचे देते आहे? (सांगली)

आपणा दोघी बहिणींना मिळणारे उपचार दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत. त्यामुळे एकीच्या वहीवरून दुसरीच्या बाईंची पारख करता येणार नाही.

आपल्या बहिणीचे जे चालले आहे, त्याला बोधात्मक वर्तनोपचार किंवा सर्रास वापरल्या जाणाऱ्या आद्याक्षरांनी सीबीटी म्हणतात. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि एरन बेक यांनी १९६० च्या दशकात या विचाराची पायाभरणी केली. दोघेही मुळात मनोविश्लेषणाचे, म्हणजे फ्रॉइड यांच्या पद्धतीचे, शिक्षण घेतलेले होते आणि दोघेही त्या वाटेवरून बाजूला झाले. बेक यांच्या असे लक्षात आले की, रुग्ण बोलत असताना त्याच्या मनात स्वतःला कमी लेखणाऱ्या विचारांचा आणखी एक ओघ सुरू असतो आणि मुद्दाम विचारल्याखेरीज तो त्याबद्दल काही सांगत नाही. एलिस यांची पद्धत मराठी माणसांना तुलनेने अधिक परिचित आहे, कारण मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथे शिकवली. पुढे ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेनेही ती शिबिरांतून आणि व्याख्यानांतून मराठीत रुळवली.

वहीत काय असते, हे एका पानावरून पाहू. पहिल्या रकान्यात प्रसंग लिहायचा, आणि तो एखाद्या कॅमेऱ्याने टिपावा तितकाच : ‘मंगळवारी रात्री मुख्याध्यापिकांना मेसेज केला. त्यांनी वाचला, उत्तर दिले नाही.’ दुसऱ्या रकान्यात त्या क्षणी मनात आलेला विचार : ‘माझ्या तासाबद्दल कोणीतरी तक्रार केली असणार.’ तिसऱ्यात भावना आणि शंभरपैकी तिची तीव्रता : ‘भीती, ८०.’ पुढचे दोन रकाने पुराव्याचे. विचाराच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय आहे? बाजूने असे की, मागच्या महिन्यात एका पालकांनी खरोखरच तक्रार केली होती. विरुद्ध असे की, ती तक्रार मुख्याध्यापिकांनी त्याच दिवशी समोर बोलावून सांगितली होती, आणि रात्री दहानंतर त्या कोणालाच उत्तर देत नाहीत. शेवटच्या रकान्यात दोन्ही बाजू पाहून सुचलेला विचार लिहायचा आणि भीती पुन्हा मोजायची. ती ८० वरून ४५ वर आली तर काम झाले; शून्यावर येण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही. शेवटचा विचार ‘सगळे छान होईल’ असा असता कामा नये, कारण त्यालाही पुरावा नसतोच. ‘तक्रार असेल तर उद्या कळेल, आणि मागच्या वेळेसारखी ती मला हाताळता येईल’ एवढे पुरते.

हा उपचार मुदतीचा असतो. साधारणपणे आठ ते वीस बैठका, प्रत्येक पाऊण तासाची ते तासाभराची, आणि बैठकीचा आराखडा सुरुवातीलाच ठरवून घेतलेला. खरे काम दोन बैठकींच्या मधल्या दिवसांत होते, म्हणून वही न भरणाऱ्याला त्याचा फारसा लाभ होत नाही. काही व्यक्तींबाबत उलटाच धोका दिसतो. त्या वही इतकी सुबक आणि इतकी ‘बरोबर’ भरतात की, भीती मात्र जागची हलत नाही. बहिणीलाही हे विचारून पाहावे.

आता आपल्या बाईंविषयी. आपण केलेल्या वर्णनावरून त्या बहुधा कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्रित पद्धतीने काम करत असाव्यात. रॉजर्स यांची भूमिका १९४० आणि १९५० च्या दशकांत आकाराला आली. समोरच्या माणसाला त्याच्या नजरेतून समजून घेणारे, त्याचा निवाडा न करणारे आणि त्याच्याशी मुखवटा न चढवता वागणारे कोणी भेटले, तर तो माणूस आपला मार्ग स्वतः शोधू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून सल्ला टाळला जातो. सल्ला देण्यासारखे त्यांच्यापाशी काही नसते असे नव्हे; परंतु वडील गेल्यावर चार नातेवाईक आणि आठ शेजारी यांनी जे सांगितले त्यातच एका सल्ल्याची भर घालून काय साधणार, असा त्यामागचा विचार असतो. ‘नुसते ऐकणे’ हेही तितके सोपे काम नसते. पुढच्या बैठकीत आपण लक्ष ठेवावे. आपण ‘शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात जाऊ शकले नाही, परीक्षा होत्या’ असे म्हणालात आणि बाई थोडे थांबून ‘परीक्षा होत्या, हे तुम्ही आज तिसऱ्यांदा सांगता आहात’ असे म्हणाल्या, तर ते नुसते ऐकणे उरत नाही. ते वाक्य आपले आपल्यालाच परत ऐकवले गेले आहे, आणि त्यानंतर जे मनात येईल ते बोलण्यासाठी त्या थांबल्या आहेत.

आणखी एक शक्यता आहे. बाई दीर्घकाळ गप्प राहत असतील, बालपणाविषयी विचारत असतील, आणि ‘आज माझ्यावर रागावला आहात का?’ असा अनपेक्षित प्रश्न करत असतील, तर त्यांचे प्रशिक्षण फ्रॉइड यांच्या परंपरेतून आलेल्या मनोगतिक पद्धतीचे असू शकते. ही परंपरा भारतात नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. आयुष्यातल्या महत्त्वाच्या नात्यांत आपण जसे वागतो तसेच हळूहळू समुपदेशकाशीही वागू लागतो, आणि तिथे ते उघडपणे पाहता येते, हा तिचा गाभा आहे. तिला वेळ लागतो. कित्येकदा वर्ष, दोन वर्षे.

माझे मत विचाराल, तर आपला त्रास वडिलांच्या जाण्याशी जोडलेला आहे आणि शोकासाठी ऐकून घेणारे माणूस मिळणे ही लहान गोष्ट नाही. मात्र झोप आणि सततची भीती यांवर सीबीटीसारख्या रचनाबद्ध उपचारांच्या बाजूने संशोधनाचा आधार भक्कम आहे, हेही तितकेच खरे. म्हणून लगेच बाई बदलू नयेत, पण गप्पही बसू नये. पुढच्या वेळी सरळ विचारावे : आपली पद्धत कोणती, तिच्यात माझ्याकडून काय अपेक्षित आहे, आणि उपयोग होतो आहे की नाही हे किती आठवड्यांनी व कशावरून पाहायचे? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील नात्याचे तीन घटक मांडले होते. उद्दिष्टांविषयी एकमत, त्यासाठी करायच्या कामाविषयी एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा. आपल्या पत्रावरून तिसरा घटक आहे असे दिसते, पहिल्या दोहोंची चर्चाच झालेली नाही. हे प्रश्न विचारल्यावर जाणकार समुपदेशकाला आनंदच होतो. ज्याला राग येईल त्याच्याकडे पुन्हा जावे की नाही, याचा विचार अवश्य करावा.

प्रश्न : आमच्या २४ वर्षांच्या मुलाला नैराश्य आहे. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि शिवाय समुपदेशकाकडेही पाठवले. गोळ्या चालू असताना याची गरज काय? दुसरे म्हणजे, ते समुपदेशक त्याला सकाळी दात घासून गच्चीवर जा, दहा मिनिटे झाडांना पाणी घाल, असल्या गोष्टी सांगतात. हे आम्हीही सांगत होतोच. आणि तो आत काय बोलतो हे आम्हा आईवडिलांना सांगायला ते नकार देतात. (कोल्हापूर)

आपले तिन्ही प्रश्न रास्त आहेत. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक. औषधाने झोप, भूक आणि उत्साह सुधारला, तरी मधल्या काळात मोडलेला दिनक्रम, तुटलेले मित्र आणि ‘माझ्याच्याने काही होणार नाही’ ही पक्की झालेली समजूत यांच्यावर वेगळे काम करावे लागते. मध्यम आणि तीव्र नैराश्यात दोन्ही उपचार बरोबर चालणे म्हणूनच इष्ट मानले जाते. गोळ्यांचे प्रमाण ठरवण्याचा किंवा त्या बंद करण्याचा अधिकार मात्र मनोविकारतज्ज्ञांचाच आहे. तो समुपदेशकांचा नाही आणि, क्षमा असावी, आईवडिलांचाही नाही.

गच्चीवर जाण्याविषयी. या पद्धतीला वर्तन सक्रियता म्हणतात आणि ती दिसते तितकी बाळबोध नाही. नैराश्यातला माणूस ‘बरे वाटले की उठेन’ म्हणतो. ही पद्धत क्रम उलटा करते. आधी उठायचे, आणि बरे वाटते का ते नंतर नोंदवायचे. अमेरिकेत नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सीबीटीचे घटक सुटे करून पाहिले, तेव्हा नुसत्या सक्रियतेचा परिणाम संपूर्ण उपचाराच्या तोडीचा आढळला. आपल्या शेजारच्या गोव्यातला अनुभव तर अधिक बोलका आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तींना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवून सहा ते आठ बैठकींचा हाच उपचार देऊ केला, आणि तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांनाही त्याचा फायदा झाल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आपण सांगता आणि समुपदेशक सांगतात यांत फरक आहे तो असा. समुपदेशक काम इतके लहान करून देतात की ते फसणे अवघड व्हावे. ते कधी आणि कुठे करायचे हे मुलाकडूनच ठरवून घेतात. करण्यापूर्वी किती बरे वाटत होते आणि नंतर किती, हे दहापैकी आकड्यात लिहायला लावतात. आणि झाले नाही तर ‘काय आड आले?’ असे विचारतात. घरात हेच वाक्य बहुधा ‘एवढेही होत नाही का तुझ्याने?’ असे होते.

गोपनीयतेविषयी : समुपदेशक योग्य तेच करत आहेत. मानसिक आरोग्याविषयीच्या माहितीची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि आपला मुलगा सज्ञान आहे. त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या प्रसंगी कायदा अपवाद करतो. याच कायद्यानुसार मुलगा आपल्या पसंतीच्या व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, आणि त्या व्यक्तीला आवश्यक तेवढी माहिती मिळू शकते. तो आपल्याला नेमेल की नाही हे त्याच्यावर सोडावे. दरम्यान ‘घरी आम्ही काय करावे आणि काय टाळावे’ एवढ्यासाठी एक बैठक मागावी. मुलाच्या संमतीने ती बहुतेक समुपदेशक देतात. त्याच्या बोलण्यात मरणाचा विषय आला, तर मात्र गोपनीयतेचा विचार करत थांबू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : मला मंत्रचळ आहे असे निदान झाले आहे. बाहेरून आले की कोपरापर्यंत हात धुतो, कधी अर्धा अर्धा तास. समुपदेशकांनी पहिल्या तीन बैठकांत फक्त प्रश्न विचारले. चौथ्या वेळी त्यांनी मला खोलीच्या दाराच्या कडीला हात लावायला सांगितला आणि हात न धुता बसवून ठेवले. मला घाम फुटला. हा उपचार आहे की छळ? (पुणे)

हा उपचार आहे, आणि आपल्या तक्रारीवर सर्वांत चांगला आधार असलेल्या मानसोपचारांपैकी तो एक आहे. सामोरे जाणे आणि प्रतिक्रिया रोखणे असे त्याचे स्वरूप आहे. मूळ कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तोवर मंत्रचळ जवळपास असाध्य समजला जात असे.

तो कसा चालतो ते समजून घेतल्यास कडीची भीती कमी होणार नाही, पण ती का सोसायची हे कळेल. कडीला हात लागला की अस्वस्थता चढते. हात धुतले की ती झर्रकन उतरते. मन यातून दोन खोटे धडे शिकते. एक, धुतल्यामुळे मी वाचलो. दोन, धुतले नसते तर ही अस्वस्थता वाढतच गेली असती. दुसरा धडा चुकीचा आहे हे आपल्याला कधी कळलेलेच नाही, कारण तिथपर्यंत आपण कधी थांबलाच नाहीत. उपचारात थांबायचे असते. अस्वस्थता वर जाते, काही काळ तिथेच राहते, आणि धुतल्याशिवायही ओसरू लागते. कधी ती फारशी ओसरत नाही, तरीही ‘ही अस्वस्थता बाळगून मी बसू शकतो’ एवढे कळते, आणि तेही थोडे नसते.

म्हणून आधीच्या तीन बैठकांत प्रश्न विचारले गेले. त्यांतून एक उतरंड तयार व्हायला हवी. स्वतःच्या घरातली, पुसलेली कडी : २०. समुपदेशकाच्या खोलीची कडी : ४०. पीएमपीच्या बसमधला दांडा : ६०. रेल्वे स्थानकावरच्या स्वच्छतागृहाचे दार : ९०. हे आकडे रुग्णाने द्यायचे असतात आणि सुरुवात कुठल्या पायरीपासून करायची हेही दोघांनी मिळून ठरवायचे असते. आपल्या पत्रातली खटकणारी गोष्ट नेमकी इथे आहे. कडीला हात लावायला सांगितला यात वावगे काही नाही, परंतु असे करणार आहोत हे आपल्याला आधी सांगितलेले दिसत नाही. या उपचारात अचानक काही लादायचे नसते आणि संमतीवाचून तर मुळीच नाही. पुढच्या बैठकीच्या आरंभी ‘आज काय करणार आहोत आणि ते का?’ असे विचारावे, उतरंड कागदावर मागावी, आणि एखादी पायरी आज नको असेल तर तसे सांगावे. उत्तर समाधानकारक मिळाले तर उपचार सोडू नये, कारण मधूनच सोडलेल्या उपचारातून मनाला पुन्हा तोच जुना धडा मिळतो.

घरच्या मंडळींसाठी एक सूचना. ‘हात स्वच्छ आहेत ना?’ असे आपण दहा वेळा विचारत असाल आणि आई दहा वेळा ‘हो रे’ म्हणत असेल, तर आईचे ते ‘हो रे’ म्हणणेही धुण्याचेच काम करते. ते हळूहळू कमी कसे करायचे हे समुपदेशक शिकवतील, त्यासाठी आईला एकदा बरोबर न्यावे. पुष्कळ रुग्णांना या उपचाराच्या जोडीला औषधाचाही उपयोग होतो, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांची भेट घेतली नसल्यास घ्यावी.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षे झाली. सासूबाई आमच्याकडेच असतात. रोजच्या कुरबुरींना कंटाळून मी विवाह समुपदेशनाचा विषय काढला. यजमान म्हणतात, ‘तिथे बायकांचीच बाजू घेतात.’ मला तरी कोणी आमच्यात खरे चूक कोणाचे हे सांगायला हवे आहे. (डोंबिवली)

आपली अपेक्षा आणि यजमानांची भीती, दोन्ही एकाच समजुतीवर उभ्या आहेत. तिथे निवाडा होतो, ही ती समजूत. होत नाही. जोडप्यांबरोबर किंवा कुटुंबाबरोबर काम करणारे समुपदेशक ‘कोणाचे चूक’ हा प्रश्न जवळपास हातातच घेत नाहीत. त्यांचे लक्ष असते ते एकापाठोपाठ काय काय घडते यावर. ‘आई जेवणावरून बोलल्या की पहिल्यांदा खोलीतून उठून कोण जाते? तो उठून गेला की तुम्ही काय करता? तुम्ही भांडी आपटलीत की आई कोणाकडे पाहतात?’ असे प्रश्न ते विचारतील, आणि आपल्याविषयीचा प्रश्न मुद्दाम यजमानांना विचारतील. तासाभरात सगळ्यांच्या लक्षात येते की, कुरबुरीची एक ठरावीक वाट आहे आणि तिघेही रोज तीच चालत आहेत. सुरुवातीला दोघांना एकत्र, मग प्रत्येकाला एकदा स्वतंत्र, असा क्रम अनेकजण ठेवतात. स्वतंत्र बैठकीत सांगितलेले गुपित जोडीदारापासून राखले जाईल की नाही, हे त्याआधीच विचारून घ्यावे.

उपायकेंद्रित पद्धतीचे कोणी भेटले तर भूतकाळाची फारशी चौकशीच होणार नाही. ‘मागच्या महिन्यात कुरबूर झाली नाही असा एखादा दिवस आठवतो का? त्या दिवशी काय वेगळे होते?’ इथूनच काम सुरू होईल. भांडणाची सवय झालेल्या घरांना हा प्रश्न विचित्र वाटतो, पण उत्तर बहुधा असते. यजमान येत नसतील तर एकटीनेही सुरुवात करता येते. ‘माझी काळजी वाटते म्हणून चल’ असे म्हणण्यापेक्षा ‘माझे कुठे चुकते ते सांगायला तू तिथे हवा आहेस’ असे म्हटल्यावर नवरे अधिक तत्परतेने येतात, असे दिसते.

कुरबुरी याचा अर्थ मारहाण, धमकी किंवा पैशांची कोंडी असा असेल तर मात्र वरचे सर्व बाजूला ठेवावे. भीती असलेल्या घरात एकत्र बैठक धोक्याची ठरते, कारण तिथे खरे बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलीस यंत्रणेच्या सोबतीने सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आता राज्यात अनेक ठिकाणी आहेत.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला शाळेत बोलणेच बंद झाल्याने समुपदेशनाला नेतो. तिथे ती तासभर बाहुल्या आणि वाळूत खेळते. खेळायलाच न्यायचे तर बाग काय वाईट? (नागपूर)

सात वर्षांच्या मुलीला ‘तुला काय वाटते?’ असे विचारून उत्तर मिळत नाही. ती खेळातून दाखवते. कोणती बाहुली गप्प बसते, तिला कोण ओरडते, तिला वाळूत कोण पुरते आणि बाहेर कोण काढते, हे पाहणे आणि त्या खेळात जपून सामील होणे हे समुपदेशकाचे काम आहे. बागेत ते कोणी करत नाही. तथापि घरी मोकळेपणी बोलणारे मूल शाळेतच बोलत नसेल, तर खेळोपचार एकटा पुरत नाही. शाळेतही पायरीपायरीने काम व्हावे लागते. आधी वर्गशिक्षिकेशी कुजबूज, मग एका मैत्रिणीसमोर, मग चौघींसमोर. समुपदेशक शाळेशी बोलले आहेत का, हे विचारावे. नसतील तर त्याचा आग्रह धरावा. आणि घरी आल्यावर मुलीला ‘आज काय केलेस तिथे?’ असे खोदून विचारू नये.

प्रश्न : गावात फलक वाढले आहेत. ‘समुपदेशक’, ‘माइंड कोच’, ‘संमोहनतज्ज्ञ’. कोण खरे, हे कसे ओळखावे? आणि एकदा सुरू केले की थांबायचे कधी? फी देणे आता जड जाते आहे, पण मॅडमना कसे सांगू? (अहिल्यानगर)

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्यांना नोंदणी क्रमांक विचारावा, तो पडताळून पाहता येतो. ‘समुपदेशक’ या शब्दाला मात्र तसे कुंपण नाही. मानसशास्त्रातली एम.ए. किंवा समाजकार्याची पदवी घेऊन वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही समुपदेशक असते आणि शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम केलेलीही. म्हणून शिक्षण कुठे झाले, कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आणि अडचणीच्या वेळी स्वतः कोणाचा सल्ला घेता, हे विचारावे. तीन बैठकींत बरे करण्याची हमी, चालू गोळ्या बंद करण्याचा सल्ला, इतर रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढची वेळ घेऊ नये. संमोहनाचा काही तक्रारींत पूरक म्हणून उपयोग होतो, पण पूर्वजन्म दाखवणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

थांबण्याविषयी. मेसेज न करता अचानक जाणे बंद करणे ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. त्यापेक्षा ‘फी झेपत नाही’ असे स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. पुष्कळ समुपदेशक काही जागा कमी शुल्काच्या ठेवतात, किंवा आठवड्याऐवजी पंधरवड्याने बोलावतात. तेही शक्य नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात सेवा मिळते, आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे गर्दी असते, वेळ कमी मिळतो, हे धरून जावे. जाण्यापूर्वी मॅडमकडून आतापर्यंतच्या कामाचे एक पानी टिपण लिहून घ्यावे, म्हणजे नव्या ठिकाणी पहिल्यापासून सगळे सांगत बसावे लागणार नाही. आणि एक शेवटची बैठक, त्यासाठी वेळ ठरवून, अवश्य घ्यावी. त्रास पुन्हा डोके वर काढू लागला तर सर्वांत आधी कोणती खूण दिसेल, झोप उडेल की फोन उचलणे बंद होईल, आणि ती दिसल्यावर किती दिवसांत कोणाला गाठायचे, एवढे त्या बैठकीत मॅडमबरोबर बसून लिहून काढावे. तो कागद घरातल्या एका विश्वासातल्या माणसाला दाखवून ठेवावा.